हिरवा क्रोमियम ऑक्साइड: कोबा, ग्लेझ, रंग, पॉलिश – माहिती आणि अडचणी

कोबावाला (धागाकर्ता)

फरशीसाठी 'हिरवा ऑक्साइड' मागितला की दुकानदार जी पुडी काढून देतो ती दर वेळी क्रोमियम ऑक्साइडचीच असते असं नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. लाल ऑक्साइडच्या कोब्यावर भरपूर लिहून झालंय, हिरव्यासाठी वेगळा धागा हवा म्हणून हा. सिमेंटचं मी लिहितो. भट्टीवाले, रंगवाले, पॉलिशवाले यांनी आपापली भर घालावी.

पदार्थ म्हणजे क्रोमियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. रंगद्रव्यांच्या यादीत नाव पिगमेंट ग्रीन १७, कलर इंडेक्स क्रमांक ७७२८८. घनता ५.२ च्या आसपास, वितळबिंदू सुमारे २४३५ अंश सेल्सिअस. आम्ल, अल्कली, ऊन, कशालाही दाद देत नाही. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) १२.५ ते १३ असतो, त्यात भलेभले रंग मान टाकतात, हा टिकतो. मात्र छटा ऑलिव्हकडे झुकणारी, थोडी मळकट. गिऱ्हाइकाला पोपटी हिरवा हवा असेल तर आधीच नमुन्याची लादी टाकून दाखवा, नंतर वाद नको.

प्रमाण: सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्के. वाळू-खडी हिशेबात धरायची नाही. ३ टक्क्यांखाली रंग फिका, ८ च्या पुढे गडदपणा फारसा वाढत नाही, नुसते पैसे जातात. एएसटीएम सी ९७९ या मानकात १० टक्के ही वरची मर्यादा आहे, कारण बारीक भुकटी जास्त पाणी मागते आणि थर कमजोर होतो.

हिशेब: रंगाचा थर ६ मिमी, मसाला १:२. एका चौरस मीटरला साधारण ४ किलो सिमेंट लागतं, म्हणजे २०० ग्रॅम रंग. १० बाय १२ फुटांची खोली ११ चौरस मीटरच्या थोडी वर, तिला ४५ किलो सिमेंट आणि सव्वादोन किलो रंग. थोडक्यात एका खोलीला ५० किलोची एक गोणी आणि अडीच किलो रंग धरा. पांढरं सिमेंट घेतलं तर रंग खुलतो, करड्या सिमेंटमध्ये शेवाळी दिसतो.

कृती: सगळ्या खोलीचं सिमेंट आणि रंग कोरडंच, एकदम मिसळायचं. बारीक चाळणीतून तीनदा चाळा, मग चिमूटभर मिश्रण पांढऱ्या कागदावर बोटाने दाबून ओढा. हिरवी रेघ उठली तर अजून गुठळ्या आहेत. घमेल्याघमेल्याने रंग घालत गेलात तर प्रत्येक पट्टा वेगळा दिसणार. पाणी मोजून, दर घमेल्याला तेवढंच. पाणी वाढलं की वाळल्यावर रंग उतरतो. खालचा कोबा ओला पण पाणी न साचलेला असताना थर टाका, चौकटी पाडणाऱ्या काचपट्ट्या १ ते सव्वा मीटरवर.

काय बिघडतं:
– लोखंडी थापी फार घासली की काळपट डाग पडतात. पांढऱ्या सिमेंटवर ते जास्तच दिसतात. थर जरा आवळल्यावर दोन-तीन हात पुरेत.
– वर पाणी सुटलं म्हणून मिस्त्री कोरडं सिमेंट भुरभुरतात. तिथे कायमचे फिके ढग.
– पाणी मारताना ओलं गोणपाट टाकलं तर त्याचा तपकिरी रंग उतरतो, प्लास्टिक टाकलं तर सुरकुत्यांचा नकाशा उमटतो. कडेला माती-मसाल्याचा बांध घालून सात दिवस पाणी साठवणं उत्तम.

---

भेसळतपासे

चांगला धागा. नकली माल ओळखायच्या चाचण्या देतो, घरी करता येण्यासारख्या. बाजारात तीन पर्याय 'हिरवा' म्हणून फिरतात: (अ) पिवळं आयर्न ऑक्साइड + थॅलो (झगझगीत सेंद्रिय रंगद्रव्य), बॅराइट्स (जड पांढरं खनिज) किंवा चुनखडीच्या भुकटीवर बसवलेलं, (ब) लेड क्रोमेट + प्रशियन ब्लू, हे बऱ्याचदा 'क्रोम ग्रीन' म्हणून विकतात आणि यात शिसं असतं, (क) खरं क्रोमियम ऑक्साइड, पण भरणा घालून पातळ केलेलं.

१. अल्कली. एक चमचा भुकटी चुन्याच्या निवळीत किंवा ५ टक्के कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवा, हातमोजे घालून. प्रशियन ब्लू असेल तर मिश्रण पिवळट-तपकिरी होतं. असा माल सिमेंटमध्ये घालायचा प्रश्नच नाही, तापवायचाही नाही.

२. उष्णता. पहिली चाचणी पास झाली तरच. उघड्यावर, जुन्या स्टीलच्या पळीत, ज्योतीवर दहा मिनिटं. थॅलो असेल तर धूर निघून काळं होतं. पिवळं आयर्न ऑक्साइड पाणी सोडून लाल होतं. खरा माल निवल्यावर होता तस्सा हिरवा.

३. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. फसफसलं तर चुनखडी आहे. बॅराइट्स यात सापडत नाही. आणि बॅराइट्सची घनता ४.५ असल्यामुळे 'हातात जड लागतं म्हणजे अस्सल' हा दुकानदारी ठोकताळा बिनकामाचा.

४. पांढऱ्यात मिसळून बघा: एक भाग रंग, दहा भाग टिटॅनियम किंवा झिंक व्हाइट, तेलाच्या दोन थेंबांत घोटून. खरा माल राखाडी-हिरवा, मवाळ दिसतो. थॅलो असेल तर मिश्रण झगझगीत निळसर हिरवं होतं.

५. १० ग्रॅम भुकटी १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात हलवून गाळा. पाणी पिवळं आलं तर क्रोमेट (विषारी षट्संयुजी क्रोमियम) शिल्लक आहे, माल परत करा. पाणी बिनरंगी असेल तर थोडं काचेवर आटवा. पांढरी साय धरली तर विद्राव्य क्षार आहेत आणि तेच उद्या फरशीवर खार होऊन वर येतील.

---

हिशेबी_माणूस

एक शंका. थॅलोसुद्धा अल्कलीत टिकतं, उन्हात टिकतं, आणि अगदी थोडं लागतं. मग दुप्पट-तिप्पट पैसे कशाला घालायचे? पेव्हर ब्लॉकवाले सर्रास तेच वापरतात.

---

भेसळतपासे

@हिशेबी_माणूस, ऑइलपेंटमध्ये तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. सिमेंटमध्ये नाही. थॅलोचे कण फार बारीक असतात, सेंद्रिय असल्यामुळे पाण्याला नीट धरत नाहीत आणि सिमेंटच्या जाळ्यात पक्के बसत नाहीत. उघड्यावर पावसाने पृष्ठभाग झिजला की ते सुटतात. पिवळं आयर्न ऑक्साइड मात्र जागेवरच राहतं. म्हणून दोनेक पावसाळ्यांत हिरवे ब्लॉक पिवळट मातकट झालेले दिसतात. घराच्या आत, पाऊस-ऊन नसेल तिथे मिश्रण चालून जाईल. पार्किंग, अंगण, गच्ची असेल तर क्रोमियम ऑक्साइडच.

खाराबद्दल थोडं: हे रंगद्रव्य सोडियम डायक्रोमेट गंधकाबरोबर भाजून करतात. क्रोमियम ऑक्साइड आणि सोडियम सल्फेट तयार होतं. वजनाने बघा, २६२ भाग डायक्रोमेट आणि ३२ भाग गंधकातून १५२ भाग रंग आणि तब्बल १४२ भाग सल्फेट. ते सगळं धुऊन काढावं लागतं. धुण्यात काटकसर केलेला माल म्हणजे वरची पाचवी चाचणी नापास.

---

भट्टीवाला

ग्लेझचं, म्हणजे मातीच्या भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचं लिहितो. हा मजकूर जरा लांबेल, कारण भट्टीत हा प्राणी सिमेंटमधल्यासारखा शांत बसत नाही.

प्रमाण: कोरड्या ग्लेझच्या वजनाच्या ०.५ ते २ टक्के. ०.५ ला मवाळ हिरवा, २ ला अपारदर्शक, शाळेच्या फळ्यासारखा. ३ च्या वर ग्लेझ कोरडं, खरबरीत होतं, कारण क्रोमियम ऑक्साइड काचेत फारच थोडं विरघळतं, बाकीचे कण तसेच तरंगत राहतात. ऑक्सिडेशन (भट्टीत हवा भरपूर) असो की रिडक्शन (हवा कमी), कोन ६ असो की कोन १० (भट्टीच्या तापाची मापं), हिरवा तो हिरवाच. तांब्याच्या हिरव्यासारखे नखरे नाहीत. पण ठिपके पडतात, म्हणून आधी थोड्या पाण्यात खलून १०० मेशच्या चाळणीतून गाळा. बॉल मिल असेल तर तासभर फिरवा.

आता शेजारधर्म:

झिंक. ग्लेझमध्ये झिंक ऑक्साइड असेल तर हिरवा विसरा, तपकिरी येतो. 'क्रोम घातलं पण चॉकलेटी आलं' या तक्रारीमागे दहातल्या नऊ वेळा हेच. बेस ग्लेझच्या कृतीत झिंक नाही ना, ते आधी बघा. तयार पारदर्शक ग्लेझ विकत घेत असाल तर विक्रेत्याला विचारा.

कथील. टिन ऑक्साइडवाल्या पांढऱ्या ग्लेझशेजारी क्रोमचं भांडं ठेवलं तर पांढऱ्यावर गुलाबी झाक येते, तीही नेमकी क्रोमच्या बाजूला. मोठ्या तापमानाला क्रोम थोडं थोडं वाफ होऊन उडतं आणि कथलाच्या ग्लेझवर बसतं. एकदा झालं की घालवता येत नाही. अशी भांडी वेगळ्या भट्टीत लावा, किंवा पांढऱ्यासाठी टिनऐवजी झिरकॉन वापरा, तिथे हा प्रकार होत नाही. क्रोम लागलेल्या शेल्फवर पांढरं ठेवू नका.

मुद्दाम गुलाबी हवा असेल तर: टिन ऑक्साइड ५ ते ७.५ टक्के, क्रोम फक्त ०.१ ते ०.२ टक्के, बेसमध्ये कॅल्शियम भरपूर, झिंक शून्य, मॅग्नेशियम कमीत कमी. ऑक्सिडेशनच. क्रोम ०.५ च्या पुढे नेलंत की गुलाबी मळतो आणि हिरवट करडा होतो. एक किलो ग्लेझला १ ते २ ग्रॅम क्रोम म्हणजे साधा किचनचा काटा उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या.

कोबाल्ट. क्रोम १ + कोबाल्ट ऑक्साइड ०.५ टक्के: मोरपंखी. हे मिश्रण फार गुणी आहे, सहसा दगा देत नाही.

शिसं. कमी तापमानाच्या शिशाच्या ग्लेझमध्ये क्रोम नारिंगी-लाल होतं, लेड क्रोमेट तयार होऊन. जुन्या कृतींच्या वह्यांत सापडेल. दिसतं देखणं, पण करू नका. शिसं आणि षट्संयुजी क्रोमियम दोन्ही एकत्र, तेही भांड्यावर.

जेवणाच्या भांड्यात आतून क्रोमचं मॅट ग्लेझ नको. चकचकीत, नीट वितळलेलं, १ टक्क्यापर्यंतचं ठीक. लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी डाग किंवा चमक गेलेली दिसली तर ते भांडं कुंडीखाली ठेवायच्या लायकीचं. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत विद्राव्यतेची तपासणी करून घ्या.

---

कुतूहल

@भट्टीवाला, एकच क्रोमियम एकीकडे हिरवं आणि दुसरीकडे गुलाबी, हे कसं काय? संयुजा बदलते का?

---

भट्टीवाला

गुलाबीत संयुजा बदलते का, यावर तज्ज्ञांत दोन मतं आहेत, तिथे मी शिरत नाही. पण निव्वळ शेजार बदलून रंग बदलतो याचं चोख उदाहरण माणिक आहे. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात टक्का-अर्धा टक्का क्रोमियम. दोन्ही ऑक्साइडची स्फटिकरचना एकसारखीच. ॲल्युमिनियमचा अणू लहान, त्याच्या जागेत क्रोमियम दाटीवाटीने बसतं, भोवतीचे ऑक्सिजन जवळ येतात आणि ते हिरवा-पिवळा प्रकाश शोषायला लागतं, राहतो लाल. क्रोमियमचं प्रमाण वाढवत नेलं की स्फटिक सैलावतो आणि रंग करड्यातून हिरव्याकडे जातो. तीनसंयुजी क्रोमियम दोन्हीकडे तेच.

---

ब्रशवाली

चित्रकारांसाठी: दुकानात दोन वेगळ्या ट्यूबा असतात आणि त्यांची सरमिसळ होते. 'क्रोमियम ऑक्साइड ग्रीन' म्हणजे वर चर्चा चाललीय तो, अपारदर्शक, मातकट. 'व्हिरिडियन' म्हणजे पिगमेंट ग्रीन १८, त्याच ऑक्साइडचं जलयुक्त रूप: पारदर्शक, थंड, निळसर हिरवा. पॅरिसमध्ये १८३८ च्या सुमारास पानेतिये यांनी तो केला आणि कृती गुपित ठेवली. १८५९ मध्ये गिन्ये यांनी डायक्रोमेट आणि बोरिक आम्ल भाजून, मग पाण्याने धुऊन करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यानंतर तो स्वस्त झाला आणि आर्सेनिकवाल्या एमराल्ड ग्रीनला चांगला पर्याय मिळाला.

ट्यूबवर 'व्हिरिडियन ह्यू' लिहिलं असेल तर आत बहुतेक थॅलो (पिगमेंट ग्रीन ७). बारीक अक्षरातला पिगमेंट क्रमांक बघूनच पैसे मोजा.

जलरंगात व्हिरिडियनची वडी एकदा सुकली की पुन्हा भिजत नाही, ब्रश घासून घासून जीव जातो. पॅनमध्ये भरताना ट्यूबमधल्या रंगात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब घालून काडीने ढवळा. जास्त घातलंत तर चिकट राहतो आणि पावसाळ्यात बुरशी. तैलरंगात क्रोमियम ऑक्साइड फार कमी तेल पितो, व्हिरिडियन भरपूर. त्यामुळे खालच्या थराला पहिला, वरच्या झिलईला दुसरा. उलट केलंत तर तडे.

आणि व्हिरिडियन भट्टीत घालू नका. पाणी उडून जातं आणि उरतो साधा ऑक्साइड. महागाचा रंग जाळून स्वस्तातला करण्यात काय अर्थ.

अवांतर: अमेरिकी डॉलरच्या 'ग्रीनबॅक' नोटांचा हिरवा मूळचा क्रोमियम ऑक्साइडचाच. माँट्रियलच्या थॉमस स्टेरी हंट यांनी १८५७ मध्ये ही शाई नोटांसाठी सुचवली. तेव्हाच्या फोटोग्राफीने काळी छपाई उचलून बनावट नोटा करत. हा हिरवा आम्लाने, अल्कलीने पुसता येत नसल्याने खालची काळी छपाई शाबूत ठेवून तो एकटा काढता येत नसे.

---

मिल_ऑपरेटर

रंगाच्या कारखान्यातल्या अडचणी थोडक्यात.

क्रोमियम ऑक्साइडचा कठीणपणा मोह्सच्या मापात ८ च्या वर. स्टीलच्या गोळ्यांच्या मिलमध्ये दळलात तर गोळेच झिजून हिरवा काळवंडतो. झिरकोनियाचे १ ते १.५ मिमीचे मणी वापरा. हेगमन गेजवर (दळणाचा बारीकपणा मोजायची पट्टी) ६.५–७ आला की थांबा. प्राथमिक कण आधीच बारीक असतात, गुठळ्या फोडायच्या आहेत, कण फोडायचे नाहीत.

वजन जास्त म्हणून डब्यात तळाशी बसतो आणि सहा महिन्यांनी खरवडावा लागतो. एकूण रंगाच्या ०.५ ते १ टक्का ऑर्गॅनो-क्ले (रंग तळाशी बसू न देणारी प्रक्रिया केलेली माती), दळायच्या आधीच घालायची. शेवटी वरून घातली तर फुगत नाही आणि नुसत्या गुठळ्या होतात.

या रंगाचा जवळच्या अवरक्त पट्ट्यातला परावर्तनाचा आलेख झाडांच्या पानांशी बराच जुळतो. म्हणून लष्करी छद्मावरणाच्या रंगात हा असतो. साध्या हिरव्याने रंगवलेली गाडी रात्रीच्या दुर्बिणीत झाडीतून उठून दिसते. आणि त्याच गुणामुळे पत्र्याच्या छपरांच्या 'कूल रूफ' रंगातही, कारण गडद असूनही पत्रा त्या मानाने कमी तापतो.

---

बफिंगवाला

स्टीलच्या भांड्यांना शेवटची चमक देणारी हिरवी वडी म्हणजे हाच ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल आणि चरबीत बसवलेला, बऱ्याचदा ॲल्युमिना मिसळून. ८ इंची बफ (पॉलिशचं कापडी चाक) मिनिटाला २८८० फेऱ्यांच्या मोटरवर लावला की कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर पडतो, स्टीलला तेवढा पुरतो. आधीचे एमरीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय हिरवी वडी लावू नका. ती ओरखडे काढत नाही, त्यांना चमकवते. वडी फिरत्या बफला क्षणभर टेकवा, पुरे. जास्त लावली की भांड्यावर काळे चिकट ओघळ येतात, मग रॉकेलचा फडका आणि वर लाकडाचा कोरडा भुसा.

वस्तऱ्याच्या किंवा छिन्नीच्या चामड्याच्या पट्ट्यासाठी नुसती भुकटी वापरणार असाल तर मोठे कण काढून टाका. एक जाड कण धारेला ओरखडा पाडतो. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम भुकटी, चिमूटभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, जोरात ढवळा. पाण्याची उंची १० सेंमी ठेवा आणि अर्धा तास हलवू नका. ५ मायक्रॉनच्या वरचे कण तेवढ्यात तळाला जातात. वरचं हिरवं पाणी अलगद काढून घ्या आणि सुकवा, तळाचा गाळ स्टीलच्या नळांना घासायला ठेवा. हेक्सामेटाफॉस्फेट वगळलंत तर कण एकमेकांना चिकटून सगळंच खाली बसतं.

---

साबणवाली_ताई

हाताने केलेल्या कोल्ड प्रोसेस साबणात हा चालतो का? लायमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात) कित्येक रंग उडतात, म्हणून विचारते.

---

भेसळतपासे

ताई, लायमध्ये हा उत्तम टिकतो. पण फरशीचा माल घालू नका. सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचा, शिसं-आर्सेनिक-षट्संयुजी क्रोमियमचा अहवाल असलेलाच घ्या. १ किलो तेलाला ५ ग्रॅमपासून सुरू करा, आधी त्यातल्याच दोन चमचे तेलात घोटून. १० ग्रॅमच्या वर फेस हिरवा यायला लागतो आणि पंचाला रंग लागतो. लिप बामसाठी वापरू नका. अमेरिकेच्या नियमांत तो फक्त बाह्य वापराला, डोळ्यांभोवतीसह, मान्य आहे, ओठांना नाही.

---

सुरक्षा_आधी

दोन गोष्टी गोंधळात जाऊ नयेत. तीनसंयुजी क्रोमियम ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्याचा मुख्य त्रास धुळीचा: एन ९५ मास्क, ओल्या फडक्याने साफसफाई. षट्संयुजी वेगळं, ते कर्करोगकारक. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या कामाच्या ठिकाणच्या मर्यादा बघा: तीनसंयुजीला घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅम, षट्संयुजीला ०.००५ मिलिग्रॅम. शंभर पटींचा फरक. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात, जिथून देशाचं बहुतेक क्रोमाइट येतं, तिथल्या पाण्याची ओरड याच षट्संयुजीमुळे आहे.

धुण्याचा सोडा किंवा चुन्याबरोबर हा ऑक्साइड हवेत लालभडक तापवला की क्रोमेट तयार होतं. 'प्रयोग' म्हणूनही करू नका. शाळेत अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी दाखवतात, त्यातून उडणाऱ्या हिरव्या राखेत न जळलेलं डायक्रोमेट असतं. तो व्हिडिओवरच बघावा.

आणि कोब्याचं काम करून मिस्त्रीच्या हाताला खाज सुटली तर लगेच रंगाला दोष देऊ नका. सिमेंटमध्येच थोडं विद्राव्य षट्संयुजी क्रोमियम असतं, युरोपात त्यावर २ पीपीएमची मर्यादा आहे. हातमोजे रबरी, आतून सुती.

---

नवं_घर

@कोबावाला, मधल्या एका चौकटीला तडा गेलाय. तेवढाच भाग भरून रंग जुळेल का?

---

कोबावाला

तडा भरून जुळणार नाही, रेघ दिसतेच. काचपट्टीपासून काचपट्टीपर्यंत अख्खी चौकट काढा. जुन्या कामाचं कोरडं मिश्रण उरलं असेल तर ते रंग कळायलाच वापरा, सिमेंट शिळं झालं असेल. नवं मिश्रण ४, ५ आणि ६ टक्के अशा तीन छोट्या लाद्यांवर टाकून किमान पंधरा दिवस वाळू द्या आणि मग निवडा. ओल्यात जुळलेला रंग वाळल्यावर हमखास फिका निघतो. जुन्या भागावर मेण असेल तर लाद्यांनाही मेण लावूनच तुलना करा. आणि तडा का गेला ते आधी बघा. खालचा कोबा पोकळ वाजत असेल तर वरची चौकट कितीही छान टाकलीत तरी पुन्हा फुटणार.